निराधारांची माउली : पंडिता रमाबाई

सह्याद्रीच्या दक्षिण भागात, आजच्या कर्नाटक राज्यात, गंगामूळ नावाचे एक स्थान आहे. तुंगा आणि भद्रा या नद्या तेथे उगम पावतात. भोवती निबिड अरण्य, वर्षाचे कित्येक महिने कोसळणारा पाऊस आणि रात्री कानी पडणाऱ्या श्वापदांच्या आरोळ्या, अशा त्या एकांत जागी अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक विद्वान ब्राह्मण आश्रम बांधून राहत असत. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांना एक कन्या झाली. तिचे नाव रमा. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून देशोदेशी प्रसिद्धीस आली आणि ज्यांना घर नाही, ज्यांचे कोणी नाही, अशा हजारो स्त्रियांची व मुलांची माउली झाली.

अनंतशास्त्री तरुणपणी विद्याभ्यासासाठी पुण्यास राहिले होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत. एक स्त्री शुद्ध वाणीने संस्कृत श्लोक म्हणते, हे पाहून त्या तरुण विद्यार्थ्याला मोठे नवल वाटले. आपणही आपल्या पत्नीला शिकवावे, असा निश्चय त्याने मनाशी केला. परंतु त्या काळी स्त्रियांनी अक्षर गिरवणे हेच पाप मानले जात असे. मग संस्कृताचे नाव कशाला? घरच्या मंडळींनी विरोध केला, जातीतील लोकांनी निंदा केली. उडुपी येथील विद्वानांपुढे जाऊन शास्त्रीबुवांनी आपली बाजू शास्त्राधाराने मांडली; आणि तरीही लोकांचा जाच चुकेना, तेव्हा ते पत्नी लक्ष्मीबाई हिला घेऊन अरण्यात राहावयास गेले. तेथे त्यांनी तिला संस्कृत शिकवून विदुषी केले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच या कुटुंबाने गंगामूळचा आश्रम सोडला. येणाऱ्या-जाणाऱ्या अतिथींच्या आदरातिथ्यात शास्त्रीबुवांची सारी पुंजी संपली होती. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात ठेवले आणि एका माणसाने तो पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरला. त्या दिवसापासून रमाबाईंची भटकंती सुरू झाली. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्री जावे, देवळाच्या ओवरीत उतरावे, पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम असे. स्वतःचे म्हणावे असे घर त्या मुलीला ठाऊकच नव्हते.

शिक्षण मात्र थांबले नाही. दिवसभर लक्ष्मीबाईंना कामातून सवड नसे. म्हणून त्या पहाटे, उजाडण्यापूर्वी, झोपलेल्या मुलीला जवळ घेत, हळूच जागे करीत आणि पाठ देत. झाडांवर पाखरे किलबिल करू लागत, त्या वेळी मायलेकींचे श्लोक चालू असत. हातात पुस्तक नसे. आईने म्हणावे आणि मुलीने मागून म्हणावे. अशा रीतीने पंधरा वर्षांच्या वयापर्यंत रमाबाईंना भागवतासारखे विस्तीर्ण पुराण मुखोद्गत झाले. व्याकरण आणि कोश यांचाही त्यांचा अभ्यास पक्का झाला.

पुढे कठीण दिवस आले. शास्त्रीबुवा वृद्ध झाले, त्यांची दृष्टी गेली. देशात दुष्काळाची छाया पसरू लागली, आणि जेथे लोकांनाच खावयास नाही तेथे पुराणिकास कोण देणार? घरातील दागिने गेले, भांडी गेली, अंगावरची धड वस्त्रेही गेली. शारीरिक कष्टाचे काम कोणी शिकलेले नव्हते आणि भीक मागणे मनाला पटत नव्हते. अखेर हे कुटुंब एका रानात शिरले. तेथे त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ साली शास्त्रीबुवांनी देह ठेवला. त्यानंतर काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या. त्यांना स्मशानात नेण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले; तिसरा खांदा श्रीनिवास या मुलाने दिला आणि चौथा रमाबाईंना द्यावा लागला. त्यांची उंची कमी असल्यामुळे खांदा पुरेना. तेव्हा आईच्या तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि कोसभराहून लांब असलेले स्मशान गाठले. थोड्याच दिवसांत थोरली बहीणही वारली. आता श्रीनिवास आणि रमा ही दोनच भावंडे उरली.

ही दोघे अनवाणी पायांनी हिंदुस्थानभर फिरली. अंगावर पुरेसे पांघरूण नाही, पोटात अन्न नाही, रात्री निवारा नाही. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खावे, कधी तेही नसावे. पंजाबातील थंडीत झेलम नदीच्या काठी एकदा त्यांच्यावर असा प्रसंग आला की, कडाक्याच्या गारठ्यात जीव जगवण्यासाठी त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत स्वतः शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू लोटून घेतली आणि ती रात्र काढली. भूक म्हणजे काय, थंडी म्हणजे काय आणि जगात आपले कोणी नाही ही जाणीव कशी असते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढील आयुष्यात त्यांनी जे कार्य उभे केले, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

फिरत फिरत १८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक तरुणी संस्कृतात अस्खलित भाषण करते, ही वार्ता तेथील पंडितांच्या कानी गेली. त्यांनी तिची परीक्षा घेतली, आणि तिचे पांडित्य पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. ठिकठिकाणी रमाबाईंची व्याख्याने होऊ लागली. स्त्रियांनी शिकले पाहिजे, हा त्यांच्या व्याख्यानांचा विषय असे.

सुदैवाचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८८० साली बंधू श्रीनिवास मृत्यू पावले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोघांची जात निराळी होती, म्हणून नोंदणी पद्धतीने हा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना मनोरमा ही कन्या झाली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने मेधावी अकस्मात वारले. तेवीस वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती आणि पाठीशी कोणी उरले नव्हते.

त्या काळी विधवेचे जिणे किती दुःसह होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. लहान वयात मुलींची लग्ने होत. पती वारला म्हणजे, मुलगी आठ-दहा वर्षांची असली तरी, तिला अपशकुनी मानत. पुढे तिचे केशवपन करीत. तिला एक वेळ जेवू घालीत आणि घरातील सर्व कष्टांची कामे तिच्याकडून करवून घेत. कित्येकींना मारहाण होई. कित्येकींना घराबाहेर काढले जाई, आणि एकदा उंबरठा ओलांडला की तिला थारा देणारे ठिकाण गावात नसे. माहेर आणि सासर ही दोन्ही दारे बंद झालेल्या मुलीसाठी तिसरे दार कोठेच उघडे नव्हते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांसाठी व त्यांच्या अर्भकांसाठी गृह उघडले होते. परंतु गरज एवढी मोठी होती की, तिला असे एखादे गृह पुरे पडणारे नव्हते.

रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. स्त्रियांच्या उन्नतीसाठी रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांत स्त्री-शिक्षिका असाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकी शिकवावी, कारण पुरुष वैद्यास दाखवण्याच्या संकोचामुळे असंख्य स्त्रिया उपचाराविना मरतात, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले.

स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी त्यांनी स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहून विकले होते. परंतु त्यांना कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती सेविकांच्या मठात त्या राहत होत्या. या सेविका लंडनमधील फुलहॅम येथे एक आश्रम चालवीत असत. ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून दूर लोटले होते, त्यांना तेथे मायेने सांभाळले जाई. चांगल्या घरच्या सुशिक्षित स्त्रिया आपण होऊन अशा स्त्रियांची सेवा करीत, त्यांच्याबरोबर राहत आणि त्यांना नव्याने उभे राहण्यास शिकवीत. हे दृश्य रमाबाईंच्या मनावर खोल ठसले. आपल्या देशातही अशा स्त्रिया आहेत, मग त्यांच्यासाठी असे कोण करते, हा प्रश्न त्यांना बेचैन करू लागला. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर चेल्टनम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्ययन केले व संस्कृतही शिकवले.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्या सुमारे अडीच वर्षे राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धती त्यांनी शिकून घेतली, संस्था कशा चालतात ते पाहिले आणि गावोगाव व्याख्याने देऊन हिंदुस्थानातील बालविधवांची हकीकत लोकांना सांगितली. त्या विषयावर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले. त्याच्या विक्रीतून आलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी खर्च केला नाही. त्यांचे शब्द अमेरिकेतील लोकांच्या अंतःकरणाला भिडले, आणि विधवांसाठी काढावयाच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन नावाचे मंडळ स्थापन झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. आरंभी मुली अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढील वर्षी सदन पुण्यास आले. येथे मुलींना लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम शिकवीत. ज्यांना जमेल त्यांना शिक्षिकेच्या कामासाठी तयार करीत. परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांना तेथे माणसाप्रमाणे वागवीत. ज्या मुलींना घरी कोणी नीट हाकही मारली नव्हती, त्या येथे मोकळेपणाने हसू लागल्या, बागेत खेळू लागल्या. रमाबाईंच्या खोलीचे दार त्यांना सदैव उघडे असे.

तथापि या कार्यावर मोठे संकट आले. शारदासदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करावयाची नाही, असे ठरलेले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांतून कडक टीका झाली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारख्या सल्लागारांनीही संस्थेशी असलेला संबंध सोडला. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे योग्य वाटत होते. रमाबाईंना दुःख झाले, पण उरलेल्या मुलींना वाऱ्यावर सोडून त्या गेल्या नाहीत. सदनाचे काम चालूच राहिले.

अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार होती. संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी, म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेच्या मार्गावर असलेल्या केडगाव येथे सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले. तेथे विहिरी खोदून फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा त्यांचा बेत होता. झाडे लागली, पण त्यांना फळे धरण्यापूर्वीच देशावर भयंकर दुष्काळ कोसळला.

१८९६-९७ चा तो दुष्काळ मध्य प्रांतात विशेष उग्र होता. तेथील बातम्या वाचल्या आणि रमाबाईंना आपले आईबाप आठवले, रानातील ते अकरा दिवस आठवले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. तरीही त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या आणि अन्नछत्रे त्यांनी पायी हिंडून पाहिली. रस्त्याच्या कडेला हाडांचे सापळे झालेली मुले पडलेली होती. छावण्यांत आईबापांवाचून उघड्या पडलेल्या मुली होत्या, आणि अशा मुलींना अन्नाचे आमिष दाखवून वाममार्गास लावण्यासाठी दुष्ट माणसे तेथे टपून बसलेली होती. भुकेने जीव जाण्याचे भय एकीकडे आणि या माणसांच्या हाती सापडण्याचे भय दुसरीकडे. एक दिवस उशीर झाला तर एक मुलगी हातची जाणार, हे रमाबाईंनी ओळखले. तीनशे मुली वाचवावयाच्या, असा संकल्प त्यांनी केला आणि मुलींचे एकेक तांडे पुण्याकडे धाडले.

पुण्यात तोच प्लेगची साथ सुरू झाली होती. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या माळावर नेले. तेथे इमारत नव्हती. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या, आणि ऊनपावसात संसार मांडला. मुली कशा होत्या? अंगावर चिंध्या, केसांत उवा, हातापायांना फोड आणि जखमा, डोळे आलेले. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या माणसास एकदम पोटभर जेवू घातले तर ते त्याच्या जिवावर बेतते. म्हणून थोडे थोडे, वेळ पाहून भरवावे लागे. दुःखाने आणि भयाने काही मुली अगदी मुक्या झाल्या होत्या, तर काही कोणालाही जवळ येऊ देत नसत.

या मुलींची शुश्रूषा कोण करणार? एवढे नोकर ठेवण्याइतका पैसा नव्हता. आणि असता तरी पैशाने माया विकत मिळत नाही. तेव्हा शारदासदनातील मोठ्या मुली पुढे झाल्या. काही वर्षांपूर्वी त्याही अशाच टाकलेल्या होत्या. त्यांनी लहान मुलींना वाटून घेतले. त्यांना न्हाऊ घालावे, जखमा धुऊन मलमपट्टी करावी, केस विंचरावे, हाताने घास भरवावा, रात्री जवळ घेऊन निजावे, आणि अंगात शक्ती आली म्हणजे अक्षर-ओळख करून द्यावी, अशी सर्व कामे त्या करू लागल्या. कोणाची जात कोणती, हे पाहण्यास त्यांना वेळ नव्हता. सर्वच मुली वाचल्या असे नाही. काहींची शक्ती इतकी क्षीण झाली होती की, उपचारांचा उपयोग झाला नाही. परंतु त्यांचेही अखेरचे क्षण रस्त्यावर गेले नाहीत. त्यांच्या उशाशी कोणीतरी बसलेले होते.

रमाबाईंच्या कार्याचे मर्म येथे दिसून येते. दान घेणारा खाली आणि देणारा वर, अशी रीत त्यांना मान्य नव्हती. आज जिला आधार दिला, तिनेच उद्या दुसरीचा आधार व्हावे, अशी त्यांची दृष्टी होती. अन्नवस्त्र दिल्याने माणूस जगतो खरा. परंतु आपणही कोणाच्या उपयोगी पडतो, हे कळले म्हणजे त्याची खचलेली मान वर होते. म्हणून आश्रमातील प्रत्येकीस काही ना काही काम असे. दळणकांडण, स्वयंपाक, शेती, गाईगुरांची निगा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, टोपल्या विणणे अशी कामे तेथे चालत. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची सारी कामे स्त्रिया करीत. त्या काळी ही गोष्ट लोकांना अद्भुत वाटे. एखादी काम शिकून बाहेर पडली, तर ती आपल्या पोटापुरते मिळवू शके, आणि पुन्हा कोणाचा जाच सोसण्याची पाळी तिच्यावर येत नसे.

१८९८ साली केडगावच्या आश्रमास मुक्तिसदन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी गुजरात आणि राजपुताना या भागांत पुन्हा दुष्काळ पडला. या खेपेस रमाबाई एकट्या नव्हत्या. त्यांनी तयार केलेल्या स्त्रिया लहान लहान तुकड्या करून दुष्काळी मुलखात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. ज्यांना कोणी एके काळी वाचवून आणले होते, त्या आता दुसऱ्यांना वाचवण्यास निघाल्या होत्या. १९०० साली मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या माणसांचे रोजचे जेवण, पाणी, कपडे आणि औषधपाणी यांची व्यवस्था रमाबाई जातीने पाहत असत.

ज्यांना इतर कोणी जवळ करीत नसे, त्यांच्यासाठी मुक्तिसदनात निरनिराळी दालने उघडली गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमच्या आश्रमात पाहिलेले स्वप्न रमाबाईंनी अशा रीतीने केडगावी प्रत्यक्षात आणले. वृद्ध व अपंग स्त्रियांची सोय झाली, अनाथ बालकांची झाली. दुष्काळातील मुलींत काही अंध होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा ही अमेरिकेत शिक्षण घेऊन आली होती. ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी चाचपून वाचण्याची उठावदार टिंबांची लिपी, तिने शिकून घेतली होती. तिने अंध मुलींना ती लिपी शिकवली आणि टोपल्या विणण्यासारखी हस्तकौशल्येही शिकवली. ज्यांना आयुष्यभर भीक मागावी लागली असती, त्या मुली वाचू लागल्या व स्वतःच्या कष्टाची भाकरी खाऊ लागल्या. आईच्या कार्यास मनोरमाने आपले सारे आयुष्य वाहिले.

या कार्याचे बीज केडगावच्या बाहेरही रुजले. शारदासदनातील गोदूबाईंचा १८९३ साली प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, ऊर्फ बाया कर्वे, या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. महर्षी कर्वे यांनी पुढे विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुण्याजवळ हिंगणे येथे तो वाढवला. बायांनी त्यासाठी कष्ट उपसले. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवाच होत्या. त्यांनी शिक्षण घेऊन त्या आश्रमाच्या कामास वाहून घेतले आणि त्यासाठी गावोगाव फिरून निधी जमवला. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसे हे घडत गेले.

रमाबाईंची राहणी अत्यंत साधी होती. त्या पांढरे जाडेभरडे सुती लुगडे नेसत आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या. संस्कृत, मराठी, कानडी, बंगाली, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. उत्तर आयुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचाही अभ्यास केला आणि सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे पदक दिले. परंतु मानसन्मानांत त्यांचे मन कधी रमले नाही.

आयुष्याच्या अखेरीस आणखी एक आघात त्यांना सोसावा लागला. १९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमा मृत्यू पावली. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक कन्या, अशी सर्व जिवलग माणसे रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेली. तरीही हाती घेतलेले भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या रक्ताचे नातलग कोणी उरले नव्हते; पण शेकडो मुली आपली आई गेली म्हणून रडत होत्या.

केडगावची संस्था त्यांच्यामागे बंद पडली नाही. निराधार स्त्रियांना आणि मुलांना तेथे आजही आसरा मिळतो. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यांच्या काळच्या पुष्कळ रूढी आता मागे पडल्या आहेत. विधवेचे केशवपन होत नाही, मुलींना शाळेत जाण्यास पूर्वीसारखी हरकत घेतली जात नाही. परंतु घरात मार खाणारी स्त्री, रस्त्यावर निजणारे मूल आणि आपले म्हणणारे कोणी नसलेली म्हातारी, ही माणसे अद्यापि आहेत. त्यांच्यासाठी गावोगावी आश्रम चालतात, आणि तेथे सवडीनुसार जाऊन कोणी मुलांना शिकवतो, कोणी आजाऱ्यापाशी बसतो, कोणी एखाद्या मुलीची वेणी घालून देतो. या कामास फार मोठे पांडित्य किंवा पुष्कळ धन लागत नाही. केडगावच्या माळावर लहानग्या मुलींना घास भरवणाऱ्या त्या विधवांजवळ धन मुळीच नव्हते. त्यांच्याजवळ दोन हात होते आणि स्वतः सोसलेल्या दुःखाची आठवण होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी शेकडो जीव वाचवले.